टकटकसाहेबांची हरकत

मला एका जागी बसवत नाही. कचेरीत म्हणतात, हिच्या खुर्चीला खिळा आहे. खिळाबिळा काही नाही, कामच असं आहे. नदीवरचे बोटींचे धक्के सांभाळणारं आमचं खातं, आणि मी तिथली माहिती अधिकारी. रस्त्यावरचा कुणीही माणूस 'तुमच्या खात्यातला अमुक कागद मला दाखवा' असा अर्ज करू शकतो, आणि तो दाखवायचा की नाही यावर सही माझी असते. ठरवायला आम्ही तिघं बसतो: मोठे साहेब, वकीलबाई आणि मी. मत त्यांचं, सही माझी. निर्णय अंगाशी आला की त्यांतली दोन माणसं नेमकी रजेवर असतात.

कागद नाकारायचा तर कारण द्यावं लागतं. कारणांची आमच्याकडे ददात नाही, पण सगळ्यांत लाडकं कारण म्हणजे 'अंतर्गत विचारविनिमय'. खात्यातल्या माणसांना एकमेकांना मोकळेपणाने लिहिता यावं, उद्या हे पेपरात येईल या भीतीने कुणाचा हात आखडू नये, म्हणून जे लिखाण अजून कच्चं आहे ते बाहेरच्यांना दाखवायचं बंधन नाही. कल्पना चांगली आहे, मला अजूनही पटते. पण कुणा शहाण्याच्या लक्षात आलं की कागद कच्चाच ठेवला तर तो कधीच कुणाला द्यावा लागत नाही. तेव्हापासून आमचं अख्खं खातं फक्त मसुदे लिहितं. आधी कोपऱ्यात 'मसुदा' लिहायचं, मग मजकुराकडे वळायचं, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की मागे तळमजल्यावरच्या संडासाच्या दारावर कागद लागला होता: 'मसुदा. दुरुस्तीसाठी बंद.' हसले ती मी एकटीच.

त्या दिवशीच्या टपालात एक अर्ज होता. 'टांगत्या जिन्याच्या साखळीबद्दल अपघाताआधी लिहिलेल्या तपासणी टिपणीची प्रत मिळावी.' खाली नाव आणि घरचा पत्ता. नाव वाचलं, उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा वाचलं. अर्ज टकटकसाहेबांचा होता.

टकटकसाहेब म्हणजे आमचे धक्का निरीक्षक. खिशात छोटी हातोडी घेऊन फिरायचे, प्रत्येक खिळ्यावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. कचेरीत असले की टेबलावर पेन्सिलीने टकटक. शेजारी बसणाऱ्याचं डोकं उठायचं. मी नवीन लागले तेव्हा सगळ्यांसमोर माझ्या टेबलाची टकटक करून ते म्हणाले होते, "टेबल भक्कम आहे. माणूस कसा आहे ते कळेल हळूहळू." तेव्हापासून मला ताई म्हणतात, वयाने एवढे मोठे असून.

आता ते निलंबित होते. धक्क्यावरून बोटीत उतरायला लोखंडी जिना असतो, साखळ्यांवर टांगलेला. सुट्ट्यांच्या गर्दीत त्यातल्या एका साखळीची पिन तुटली, जिना तिरका झाला आणि माणसं घसरत पाण्यात पडली. सगळी वाचली. एका म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. जिना पूर्ण उलटला असता, पण आमच्या फिटरने सुटलेली साखळी हाताला गुंडाळून धरून ठेवली, शेवटचा माणूस वर येईपर्यंत. त्यात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर त्याचा फोटो होता, पांढऱ्या बॅंडेजमधला हात आणि भेदरलेला चेहरा. फिटर वीर ठरला. मग दोषी कोण, तर निरीक्षक. आरोप असा की साखळी धोकादायक आहे हे माहीत असून लेखी कळवलं नाही. चौकशी शुक्रवारी होती. आरोप टिकला तर नोकरी जाणार.

त्यांनी तर लेखी कळवलं होतं. पण निलंबित माणसाला कचेरीत पाऊल ठेवता येत नाही, आणि चौकशी समितीसमोर फाईल जाते, फाईलला मसुदे लावत नाहीत. म्हणून बिचाऱ्यांनी चारचौघांसारखा बाहेरून अर्ज केला. स्वतःचाच कागद मागायला.

मसुद्यांच्या कपाटात मला तो सापडला. एकच पान, दोन परिच्छेद. वरच्यात लिहिलं होतं: साखळीची पिन झिजली आहे, नवी बसेपर्यंत धक्का बंद ठेवावा. खालच्यात: नवी पिन मी स्वतः आणून फिटरच्या हातात दिली, दोनदा सांगितलं, तो आज करतो उद्या करतो म्हणतो, आता त्याच्यावर विसंबून राहू नये. कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'मसुदा'. आणि समासात पेन्सिलीने मोठ्या साहेबांचं अक्षर: 'चर्चा करू.' आमच्या साहेबांनी 'चर्चा करू' लिहिलं की तो कागद मेला असं समजायचं.

दुपारी तिघं बसलो. साहेबांनी कागद लांब धरून पाहिला, जणू त्याला वास येत होता.

"मसुदा आहे," ते म्हणाले. "नाकारा."

"साहेब, समासात तुमचं अक्षर आहे."

"पेन्सिल आहे. पेन्सिल म्हणजे काही शाई नव्हे." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि अर्जदार कोण आहे त्याचा इथे संबंध नाही. हा तुमचाच नियम ना?"

नियम आहे खरा. अर्जदार कोण, त्याला कागद कशाला हवा, हे बघायचंच नाही. एकाला दिला म्हणजे सगळ्या जगाला दिला. दिलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत खात्याच्या संकेतस्थळावर जाते, ज्याला हवी त्याने वाचावी. मंत्र्याच्या पुतण्याला आणि भाजीवाल्याला एकच माप, म्हणून केलेला नियम. त्या दिवशी तोच माझ्या घशात अडकला.

वकीलबाई चष्मा पुसत होत्या. कोरड्या बाई, पण कायद्याला पक्क्या. "मसुद्याला संरक्षण आहे ते लिहिणाऱ्यासाठी," त्या म्हणाल्या. "तेव्हा लिहिणाऱ्याला विचारावं लागेल. अमुक कागद कुणीतरी मागितला आहे, तुमची हरकत आहे का? त्याचं उत्तर आल्याशिवाय निर्णय घेता येत नाही."

मला हसूच फुटलं. "अहो, पण लिहिणारा तोच आणि मागणाराही तोच!"

"ते आपल्याला कुठे माहीत आहे? अर्जदार कोण हे आपण बघत नाही."

"मग पत्रात निदान लिहू या की अर्जदार तुम्हीच आहात."

"अर्जदाराचं नाव लिहिणाऱ्याला कळवता येत नाही. याला अपवाद नाही, मी शोधला." वकीलबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि फोन करू नका. पत्रच."

साहेब पहिल्यांदा खुशीत दिसले. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत दिवस जातील, एवढंच त्यांना दिसत होतं.

मी पत्र लिहिलं. छापील मायना, मधे रिकाम्या जागा. 'आपण लिहिलेल्या खालील कागदाची प्रत एका अर्जदाराने मागितली आहे.' एका अर्जदाराने! लिहिताना माझ्या पायाला मुंग्या आल्या. घरी गेले तरी डोक्यातून जाईना. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

"अगं, त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुझं?" सासूबाई म्हणाल्या.

नावगाव न सांगता मी त्यांना सांगितलं. सासूबाईंना माझ्या नोकरीचं भारी कौतुक. शेजारणींना सांगतात की आमची सून सरकारी पत्रांना काळं फासते. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला.

"म्हणजे त्या माणसाला त्याचाच कागद द्यायला त्याचीच परवानगी?"

"हो."

"मग काय बिघडलं? तो हो म्हणेल. वेडा आहे का नाही म्हणायला?"

नवरा ताटावरून उठता उठता म्हणाला, "सरकारी माणूस आहे ना? काही सांगता येत नाही." त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावतो आणि संध्याकाळी मला असे टोमणे मारतो. मी त्याला गप्प केलं. पण नेमकं तेच झालं.

बुधवारी उत्तर आलं. टकटकसाहेबांचं टपोरं अक्षर, खाली दुहेरी रेघ मारलेली सही. 'माझ्या टिपणीतली एकही ओळ कुणालाही देऊ नये. माझी तीव्र हरकत आहे. काळी पट्टी मारूनसुद्धा देऊ नये. आपल्या कचेरीतल्या पट्ट्या उजेडात धरल्या की खालचं वाचता येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.'

मी ते वाचलं. सगळं लख्ख दिसलं मला. त्यांना वाटलं, पेपरवाला आहे. अपघात झाल्यापासून पेपरवाले त्यांच्या दारावरून हलत नव्हते. आपण अर्ज केला तो वेगळा, त्याचं उत्तर वेगळं येईल, आणि हे कुणीतरी तिसरंच मागतंय. त्यांचं काय चुकलं? माणसाला त्याचाच कागद देण्यासाठी खातं त्याचीच हरकत विचारत असेल, असं कुठल्या धडधाकट डोक्यात येईल? आणि तीव्र हरकत कशाला, तेही कळत होतं. खालच्या परिच्छेदात फिटर होता.

साहेबांनी उत्तर दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. चेहरा असा, जणू लॉटरीच लागली. "लेखकाची हरकत, आणि तीव्र! आता बोला. आता तर देता येतच नाही. उद्याच नकाराचं पत्र काढा, उगीच लोंबकळत ठेवू नका."

बोलले असते तर नको ते बोलले असते. कचेरी सुटल्यावर पाय घराकडे वळले नाहीत, टकटकसाहेबांच्या गल्लीकडे वळले. समोरच्या फुटपाथवर, चपलांच्या दुकानाजवळ, मी चप्पल बघितल्यासारखं करत उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांची बायको वाळलेले कपडे काढत होती. ते बनियनवर गजांना टेकून उभे होते आणि बोटाच्या पेराने गजावर टकटक करत होते, एक सोडून एक. दाढी वाढली होती. दोन जिने चढून जायचं आणि एक वाक्य सांगायचं, 'अहो, तो अर्जदार तुम्हीच आहात.' बस. उद्या हरकत मागे घेतील, परवा चौकशीत कागद हातात असेल.

पण उद्या हरकत मागे घेतली की साहेब पहिला प्रश्न विचारणार, यांना कुणी सांगितलं? नियम मोडला म्हणून माझा निर्णयच रद्द होणार, आणि अर्ज दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाणार, जिथून तो शुक्रवारनंतर कधीतरी निघेल. मला ते वर उभे दिसत होते आणि मी हाक मारू शकत नव्हते. दुकानदार तीनदा विचारून गेला, बाई, नंबर काय? चौथ्यांदा आला तेव्हा मी चिडून न लागणारी चप्पल विकत घेतली आणि घरी आले. ती अजून पायाला चावते.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी कचेरी उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले आणि वकीलबाईंना जिन्यातच गाठलं.

"मला एवढंच सांगा. हरकत म्हणजे हुकूम असतो का?"

त्या थांबल्या. एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली. "हरकत म्हणजे म्हणणं. ते ऐकून घ्यायचं आणि ठरवायचं. ऐकून घेतलं असं लिहायचं. मान्य केलं असं लिहायलाच हवं असं नाही." मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "मला कुणी विचारलं तर मी हेच सांगणार होते. पण विचारलंच नाही कुणी. सगळे साहेबांना विचारतात."

मी टेबलाशी बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवरून उठले नाही. निर्णय लिहिला. एका संबंधित व्यक्तीने तीव्र हरकत घेतली (हरकत कुणाची हेही अर्जदाराला कळवता येत नाही), ती वाचली, समजून घेतली. वरचा परिच्छेद सार्वजनिक सुरक्षिततेचा आहे, त्या जिन्यावरून रोज शेकडो माणसं उतरतात, लोकांना ते कळायचा हक्क मसुद्याच्या संरक्षणापेक्षा मोठा आहे, म्हणून तो द्यावा. समासातला शेराही त्याचाच भाग आहे, मग तो पेन्सिलीचा असो की कोळशाचा. खालचा परिच्छेद एका कर्मचाऱ्याच्या चुकीबद्दल आहे, ती चूक कुठे तपासली गेलेली नाही, त्या कर्मचाऱ्याचं म्हणणं घेतलेलं नाही, म्हणून तेवढ्यापुरती हरकत मान्य. तो झाकावा.

मग पट्टी. टकटकसाहेबांचं पट्ट्यांबद्दल म्हणणं खरं होतं. आमचा मार्कर स्वस्तातला, उजेडात धरलं की खालची अक्षरं उघडी पडतात. माझा नवरा तर चष्म्याशिवाय वाचून दाखवेल. मी पट्टी मारली, त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सवर पुन्हा पट्टी, पुन्हा झेरॉक्स. खिडकीत धरून बघितलं. नुसतं काळं.

साहेबांनी निर्णय वाचला. बराच वेळ त्यांच्या नाकातून आवाज येत होता. "सही करण्याआधी विचार करा," ते म्हणाले.

"केला, साहेब. सही पण केली."

"तुम्हाला आमच्याशी चर्चा करावीशी वाटली नाही?"

"चर्चा केली की काय होतं ते समासात आहे, साहेब."

बोलून गेले. नंतर संडासात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

निलंबित माणसाला कचेरीत येता येत नाही, पण अर्जदारांची खिडकी रस्त्याकडे उघडते आणि तिथे कुणीही येऊ शकतं. प्रत न्यायचा निरोप गेला आणि संध्याकाळच्या आत टकटकसाहेब तिथे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्याकडे आल्यासारखे. खिडकीवरच्या कारकुनाला मी चहाला पाठवलं आणि स्वतः बसले.

"ओळखपत्र?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"घ्या ताई," त्यांनी गंभीरपणे दिलं. मी गंभीरपणे पाहिलं. मग पाकीट सरकवलं.

त्यांनी वरचा परिच्छेद वाचला तेव्हा त्यांचा खांदा एकदम खाली आला. 'चर्चा करू' वर बोट ठेवलं, हसले. मग काळ्या पट्टीकडे नजर गेली, आणि सोबतच्या निर्णयाकडे. कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काय? 'एका संबंधित व्यक्तीने तीव्र हरकत घेतली'? कोण हा नतद्रष्ट?"

"सांगता येत नाही."

"तो मोठा साहेबच असणार! माझ्या पोटावर पाय द्यायला निघालाय. मी सोडणार नाही त्याला. अपील करतो. तीव्र म्हणे! कोण लागून गेलाय?"

रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मला हसावं की रडावं कळेना. "साहेब," मी म्हटलं, "जरा हळू. एक विचारू? चार दिवसांत तुम्हाला आमच्याकडून एखादं पत्रबित्र आलं होतं का?"

"आलं होतं ना. कुणा पेपरवाल्याने..." ते थांबले. तोंड तसंच उघडं. त्यांची नजर माझ्यावरून निर्णयावर, निर्णयावरून पट्टीवर गेली. मग ते हसायला लागले. खिडकीच्या कट्ट्याला धरून, ठसका लागेपर्यंत हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. डोळे पुसत ते म्हणाले, "अहो, एवढी वर्षं हाताखालच्यांना शिकवलं, खात्याकडून काही विचारणा आली की आधी नाही म्हणा, मग वाचा."

मग त्यांनी कागद उचलून आकाशाकडे धरला. एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"छान झाकलंय," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"साहेब, ऐका." मला आता हसू येत नव्हतं. "यामुळे तुमची नोकरी जाणार नाही, तुम्ही लेखी कळवलं होतं हे सिद्ध होतंय. पण समिती दुसरा प्रश्न विचारेल. पिन झिजली होती, तर निरीक्षक म्हणून तुम्ही ती बदलून का घेतली नाही? त्याचं उत्तर पट्टीखाली आहे. ते नसेल तर तुमच्यावर काहीतरी येणारच. तुम्ही लेखक म्हणून हरकत मागे घेतलीत आणि अर्जदार म्हणून अपील केलंत तर ते उघडं होईल. आज केलंत तर समिती तारीखही पुढे ढकलेल."

"आणि संकेतस्थळावर जाईल. सगळ्यांना."

"जाईल."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "मी लिहिलं तेव्हा रागाने लिहिलं, पण खरं लिहिलं. त्याने पिन बसवली नाही. माझ्यासमोर त्याने ती खिशात टाकली आणि विसरला. हे खरं. आणि मग त्याच साखळीत त्याने हात घातला, आणि बोटं तुटत असताना सोडली नाही. हेही खरं, मी तिथे होतो. दोन्ही त्यानेच केलं, ताई. पण माझ्या कागदावर एकच आहे, कारण मी लिहिलं तेव्हा त्याची बोटं शाबूत होती."

"आणि तुमचं काय?"

"माझं वरच्या परिच्छेदात आलं की."

मला त्यांचा राग आला, खराखुरा. काचेवर हात आपटावासा वाटला. एवढा खटाटोप करून मिळवलेलं अर्धंच घेऊन हा माणूस घरी निघाला होता. पोचपावतीवर त्यांनी दुहेरी रेघ मारून सही केली आणि गर्दीत मिसळले.

शुक्रवारी प्रत खरी आहे हे सांगायला मला बोलावलं होतं. लांबट खोली, एकच पंखा, तोही कुरकुरणारा. टेबलापलीकडे समितीचे तिघं. अलीकडे टकटकसाहेब, बाजूला मोठे साहेब, आणि भिंतीला लावलेल्या बाकावर साक्षीदार म्हणून फिटर. मी त्याला फोटोनंतर पहिल्यांदाच बघत होते. फोटोतल्यापेक्षा लहान दिसत होता. बॅंडेजचा हात त्याने मांडीवर असा ठेवला होता की जणू कुणीतरी त्याच्याकडे सांभाळायला दिलेली वस्तू आहे.

अध्यक्षांनी वरचा परिच्छेद वाचला. 'चर्चा करू' वाचलं आणि मोठ्या साहेबांकडे बघितलं. साहेब खिशात रुमाल शोधायला लागले. लेखी कळवलं नाही हा आरोप तिथेच पडला. माझा पाय टेबलाखाली हलत होता, तो मी दुसऱ्या पायाने दाबून धरला.

"मग प्रश्न असा," अध्यक्ष म्हणाले, "पिन झिजल्याचं तुम्हाला दिसलं, तर बदलून का घेतली नाहीत?"

टकटकसाहेबांनी बोटाच्या पेराने टेबलावर एकदाच टकटक केली.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? मग या पट्टीखाली काय आहे?"

"तो भाग अर्जदाराला नाकारलेला आहे, साहेब."

"अहो, पण लिहिणारे तुम्ही!"

"मी अर्जदार म्हणून आलोय, साहेब. मला जेवढं मिळालं तेवढंच माझ्याकडे आहे."

समितीतल्या एकाने खाकरून हसू दाबलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पूर्ण प्रत मिळू शकते?"

"समितीने लेखी मागितली तर मिळेल, साहेब," मी म्हणाले. इतक्या घाईने म्हणाले की पुढचे शब्द एकमेकांत अडकले. "आज मागितलीत तर सोमवारी देते."

मागा, मी मनात म्हणत होते. मागा ना. अध्यक्षांनी दोन्हीकडच्या सदस्यांकडे बघितलं. पुन्हा तारीख, पुन्हा सगळ्यांना बोलावणं. त्यांनी टकटकसाहेबांना विचारलं, "आरोप तुमच्यावर आहे. तुम्हाला हवी आहे का पूर्ण प्रत? तर पुढची तारीख देतो."

"नको, साहेब."

मग अध्यक्षांची नजर बाकाकडे गेली. "तुम्ही तिथे फिटर होतात. या पिनेबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?"

पंखा कुरकुरत होता. फिटरने मान वर केली. त्याने त्या कागदावरच्या काळ्या पट्टीकडे बघितलं, आणि मला कळलं की ती पट्टी त्याला वाचता येतेय. त्याच्या कानशिलांवर घाम आला होता. त्याचं तोंड उघडलं. टकटकसाहेबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"नाही," फिटर म्हणाला. "काही नाही, साहेब."

टकटकसाहेबांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. तो मला ऐकू आला. एवढं हलकं होताना मी कुणाला बघितलं नाही, आणि एवढा संताप मला कधी आला नाही. फिटरचा, टकटकसाहेबांचा, आणि माझ्या हाताने मारलेल्या त्या पट्टीचा.

निर्णय तिथल्या तिथे सांगितला. नोकरी कायम, हुद्दा एक पायरी खाली, धक्क्यावरून गोदामात बदली. टकटकसाहेब "ठीक आहे" म्हणाले आणि उठले. फिटर दाराशी जाऊन उभा होता. दाराची मूठ गोल होती, डाव्या हाताने ती त्याला फिरवता येईना. टकटकसाहेबांनी मागून हात घालून दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.